तिच्या फोनवरचं माझं नेट

पुण्याहून मी कायमचा परत आलो तेव्हा माझ्याजवळ दोन कुबड्या, कपड्यांची एक बॅग आणि शाळेच्या पाटीएवढा एक लहान लॅपटॉप होता. फोन नव्हता. ज्या अपघातात माझा खुबा मोडला त्याच अपघातात तो ट्रकच्या चाकाखाली गेला. लॅपटॉप त्या दिवशी खोलीवर राहिला होता म्हणून वाचला. कंपनीतल्या एका मित्राकडून तो मी जुनाच घेतला होता. त्याचं 'न'चं बटण जरा जोरात दाबावं लागे. पुण्यात मी एका ऑफिसात ग्राहकांच्या तक्रारी ऐकून टाइप करण्याचं काम करायचो. नऊ तास खुर्चीवर. खुबा मोडल्यावर तासभर बसलं तरी डावा पाय बधिर व्हायचा, हात लावला तर दुसऱ्याच कोणाचा वाटायचा. ऑफिसनं काही महिने वाट पाहिली, मग माझ्या जागी दुसरा माणूस घेतला. त्यांचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

आमचं गाव किन्हीराजापासून पाच-सहा किलोमीटर आत. मी पुण्यात असताना बायको आणि मुलगी इथंच राहायच्या, कारण बायको गावची आशा. गरोदर बायकांची आणि लहान लेकरांची नोंद ठेवायची, लसीच्या दिवशी सगळ्यांना गोळा करायचं, कोणाच्या पोटात कळा सुरू झाल्या की सरकारी गाडी बोलावून तिला दवाखान्यात न्यायचं, हे तिचं काम. गावात तिला नावानं कोणी हाक मारत नाही. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे आशाताई म्हणतात.

घरात फोन एकच, तिचा. त्यात दोन सिम. एक तिचं जुनं. तो नंबर गावातल्या निम्म्या घरांत भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. पण त्या कंपनीचे गावात नुसते फोन लागतात, नेट लागत नाही. म्हणून मी आल्यावर नेटसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं. तेही घरभर लागत नसे, फक्त मधल्या खोलीच्या खिडकीत. बायको तिथं एका स्टीलच्या पेल्यात फोन उभा ठेवायची, हॉटस्पॉट चालू करायची, आणि मी पलंगावर पाठीशी दोन उशा लावून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचो.

पण तो फोन तिचा होता आणि तिला फिरावं लागे. ती निघाली की लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या नेटच्या रेघा एकेक करून कमी व्हायच्या. अंगणात असली तर दोन, फाटकाबाहेर गेली की एक, आणि शेजारच्या गुरांच्या कोठ्यापलीकडे गेली की काहीच नाही. खिडकीतून न बघताही मला कळायचं ती कुठपर्यंत पोचली. मग मी लॅपटॉप मिटायचो आणि ती येईपर्यंत आढ्याकडे बघत पडायचो. सुरुवातीला ती येताना दिसली की मला बरं वाटायचं. पुढे पुढे मला बरं नेमकं कशानं वाटतं, बायको आली म्हणून की नेट आलं म्हणून, हे माझं मलाच सांगता येईना.

दुसरी अडचण फोन येण्याची. जुन्या नंबरवर फोन आला की नुसती रिंग वाजतानासुद्धा नेट अडखळायचं. उचलला तर पार तुटायचं आणि पुन्हा जोडायला चार-पाच मिनिटं लागायची. कट केला तर मात्र लगेच सुरळीत व्हायचं. तिला तर दिवसभर फोन. कोणाच्या लेकराला ताप, कोणाला गोळ्या संपल्या, कोणाला नुसतं बोलायचंय. सात-आठ महिन्यांत माझ्या तीन ऑनलाइन मुलाखती अशाच गेल्या. एका मुलाखतीत मी माझ्या अपघाताबद्दल सांगत होतो आणि समोरचा चेहरा तोंड उघडं ठेवूनच थिजला. पुन्हा जोडलं तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

बायको म्हणायची, "तुमी कायले जीव लावता त्या डब्याले? पाय बरा होऊ द्या, मंग पाहू."

पाय बरा होणार नव्हता. ते तिला दवाखान्याच्या कागदांवरून माझ्याआधी कळलेलं होतं.

हिवाळ्याच्या शेवटी मला एक काम सापडलं. ध्वनिमुद्रण ऐकून ते मराठीत टाइप करून द्यायचं, घरी बसून, पडून, कसंही. हे काम मला येत होतं. पहिल्या दोन फेऱ्या मी पार केल्या. शेवटी दोन तासांची परीक्षा होती. कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीत एकट्यानंच बसायचं, दार लावून घ्यायचं. नेट एकदा तुटलं तर चालेल, दुसऱ्यांदा तुटलं तर परीक्षा रद्द. तारीख त्यांनीच दिली. सकाळी अकरा ते एक.

मी बायकोला सांगितलं तेव्हा ती चुलीपाशी भाकरी थापत होती.

"मले त्याच दिवशी लसीकरन हाय," ती म्हणाली. "सिस्टरसंग तांड्यावर जा लागते."

"फोन ठेवून जाशील का? दोनच तास."

"अन् कोनाचा फोन आला तं?"

"मी उचलीन ना."

"उचलला तं नेट जाते म्हनता तुमी."

"परत लागते. मिनिटभरात."

हे खोटं होतं आणि तिलाही माहीत होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाली, "बरं. ठेवून जाईन. पन वावरातल्या सुनेचे दिवस भरत आले. पयलं बायतपन हाय तिचं. बाकी कोनाचा नोका उचलू, तिचा आला तं उचलजा. माह्या वहीत पयल्याच पानावर गाडीचा नंबर हाय. तिथी फोन लावून गाव अन् वावर सांगून देजा. यवढंच करा."

वावरातली सून म्हणजे गावाबाहेर दीड-दोन किलोमीटरवर शेतातच घर करून राहणाऱ्या कुटुंबातली. नवरा, ती आणि सासू, तीनच माणसं. मी तिला एकदाच पाहिलं होतं. तपासणीच्या दिवशी ती आमच्या ओट्यावर टेकून पाणी प्यायली होती. विशीतली असेल. पाणी पिऊन तिनं तांब्या स्वतः विसळून पालथा ठेवला होता.

"उचलीन," मी म्हणालो.

परीक्षेच्या दिवशी बायकोनं मुलीला बालवाडीत सोडलं, फोन पेल्यात ठेवला, माझ्याजवळ पाण्याची बाटली ठेवली. जाताना दार ओढून घेत म्हणाली, "चांगलं लिहा." ती गेली तरी नेटच्या रेघा कमी झाल्या नाहीत, भरल्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ती गेली आणि नेट राहिलं. ते बघून मला खरंच आनंद झाला होता.

अकरा वाजता परीक्षा सुरू झाली. दहाव्या मिनिटाला, कोणाचा फोन नाही, काही नाही, नेट आपोआपच तुटलं. दोन मिनिटांत परत आलं. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली की आता यापुढे तुटलं तर परीक्षा संपेल. माझ्या हातांना घाम सुटला. मी सदऱ्याला पुसत पुसत टाइप करू लागलो.

कानात एका बाईचं बोलणं चालू होतं. कुरड्या कशा करायच्या ते ती सांगत होती. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. ती भराभर बोलायची, मधेच हसायची, आणि मला प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरवायचा होता. गव्हाचा चीक गाळून घेण्यापाशी ती आली तेव्हा पेला खणखणू लागला. फोन आत थरथरत होता. कानातला आवाज तुटक झाला. मी हात लांब करून फोन बाहेर काढला. पडद्यावर बायकोनं ठेवलेलं नाव होतं, 'वावरातली सून ९वा'.

मी तो कट केला.

हे लिहिताना मला कुठलीही सबब आठवत नाही असं नाही. सबबी पुष्कळ आहेत आणि त्या वेळीही त्या माझ्या डोक्यात ओळीनं आल्या. तिची सासू दिवसातून दोनदा फोन करायची. गोळी दुधासोबत देऊ का, ही जेवत नाही, हिचे पाय सुजले. आताही तसंच काही असेल. तिच्या तारखेला अजून आठ दिवस बाकी आहेत. एक वाजता आपणच लावू. आवाज पुन्हा स्वच्छ झाला आणि मी पुढचं वाक्य टाइप केलं.

पाच-सात मिनिटांनी पुन्हा आला. पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही, हातानं चाचपडून बटण दाबलं. चौथ्यांदा आला नाही. मला हायसं वाटलं.

एक वाजता परीक्षा संपली. सगळे भाग पूर्ण झाले होते. मी लॅपटॉप बाजूला ठेवला, पाय खाली सोडला आणि त्या नंबरवर फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. कोणी उचलला नाही. उचलत नाहीत म्हणजे कामात असतील, असं म्हणून मी एव्हाना कुबड्यांच्या जागी आलेली काठी घेऊन चुलीपाशी गेलो आणि स्वतःसाठी चहा केला.

तिकडे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. सुनेच्या कळा साडेअकराच्या सुमारास एकाएकी वाढल्या. नवरा ओलितासाठी, पिकाला पाणी द्यायला, दूरच्या वावरात गेला होता. घरातला एकुलता फोन सासूजवळ होता आणि तिला त्यात एकच नंबर लावता येत होता, आशाताईचा. फोन वाजायचा आणि मधेच बंद व्हायचा. तिला वाटलं, आशाताई कामात आहे, आत्ता उलटा फोन करील. ती वाट बघत बसली. मग सून ओरडू लागली तेव्हा ती धावत मुलाला बोलवायला गेली. त्यानं येऊन शेजारच्या वावरातून मालवाहू रिक्षा आणली. तिला त्यात गोधडीवर निजवलं. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधीच रिक्षात लेकरू झालं. ते रडलं नाही.

बायको अडीच वाजता आली. तिला वाटेतच कळलं होतं. दारात चप्पल न काढताच ती म्हणाली, "फोन द्या."

मी दिला. तिनं उभ्याउभ्या पडद्यावर बोट फिरवलं, एकदा थांबली, आणि तशीच वळून निघून गेली. तालुक्याच्या दवाखान्यात गेली ती रात्री परतली. मुलगी तोवर शेजारी जेवून झोपली होती. बायको ओट्यावर बसली, पाठ भिंतीला टेकवली.

"पोरगं होतं," ती म्हणाली. "चांगलं भरलेलं होतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गळ्यात नाळ होती म्हने. आंधी म्हने, जराकसं लवकर आनलं असतं तं. मंग मीनं इचारलं तं म्हने, सांगता येत नाई, लवकर आनून बी गेलं असतं."

कोठ्यात कोणाची तरी म्हैस हंबरत होती.

"वाजला नवता का?" तिनं विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"सायलेंट राहिला असन," मी म्हणालो. "मले नाई समजलं."

"हं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मला सुचलं की कोणाकडून तरी एक साधा बटणाचा फोन मागून तिचं जुनं सिम त्यात टाकून दिलं असतं तर ती ते सोबत नेऊ शकली असती. शेजारच्या म्हाताऱ्याकडेच तसा फोन होता. त्यानं एका शब्दावर दिला असता. आठ दिवस मी परीक्षेचाच विचार करत होतो, आणि हे मला एकदाही सुचलं नाही.

आठवड्यानं उपकेंद्रात बैठक झाली. मोठे डॉक्टर आले होते, गावातले चार लोक होते. मी बाहेर पायरीवर बसलो होतो, दार उघडं होतं. सासूनं सगळं सांगितलं. ती भांडत नव्हती. तिचा आवाज थकलेला होता.

"तीनदा लावला बाई तुले मीनं. वाजे अन् मधातच कटे. मले वाटलं तू येऊन राह्यली."

बायको उठून उभी राहिली. "फोन घरी चार्जिंगले होता," ती म्हणाली. "मी तांड्यावर होती. सोबत न्याले पाह्यजे होता. चूक माही हाय."

कोणी माझ्याकडे बघितलं नाही. मीही उठलो नाही. पायरीवर मुंग्यांची रांग चालली होती, मी तिच्याकडे बघत बसलो. आत डॉक्टर काहीतरी लिहीत होते. बायकोला लेखी समज दिली, तिनं खाली सही केली.

महिनाअखेर आली. तिचा मासिक अहवाल नेहमी मीच भरून द्यायचो, कारण लॅपटॉपवर तो भरायला सोपा पडे. त्याही महिन्यात तिनं फोन पेल्यात ठेवला, हॉटस्पॉट चालू केला आणि वही उघडून माझ्या शेजारी बसली. ती रकाने वाचत गेली, मी भरत गेलो. नवीन गरोदर नोंद, दोन. लसीकरण, अकरा. दवाखान्यात प्रसूती, एक.

"उपजत मृत्यू," ती म्हणाली, "एक."

मी एक टाकला. खाली कारणाचा रकाना उघडला.

"कारण काय लिहू?"

"पोचाले उशीर."

मी लिहिलं. 'न'चं बटण त्या दोन शब्दांत कुठंच लागलं नाही. त्या दिवशी नेट एकदाही तुटलं नाही, अहवाल पहिल्याच झटक्यात गेला.

पुढच्या आठवड्यात परीक्षेचा निकाल आला. मी पास झालो होतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं." तिनं मुलीला पाठवून दुकानातून पेढे नाही, बत्तासे आणवले, देवापुढे ठेवले, एक माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि विरघळेपर्यंत धरून बसलो.

काम सुरू झालं. दिवसाला तीन-चार तास. तिनं आपणहून माझ्यासाठी वेगळा फोन घ्यायचं काढलं, जुनाच, कडा उडालेला, आणि नेटचं सिम त्यात टाकलं. आता तिचा फोन तिच्याजवळ आणि माझं नेट माझ्याजवळ. पण तिचा फोन वाजणंच कमी झालं होतं. गावातल्या बायका आपसात बोलायच्या की आशाताई फोन उचलत नाही. काही थेट दुसऱ्या गावच्या आशाला विचारू लागल्या. ती घरोघर जायची तेव्हा पूर्वी चहाला थांबवणाऱ्या बायका आता दारातूनच माहिती सांगायच्या. ती मला यातलं काही सांगत नसे. ती लवकर घरी यायला लागली, त्यावरून मला कळायचं.

पाच महिन्यांनी माझं काम आटत गेलं. आधी फाइली कमी झाल्या, मग आल्याच नाहीत. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं की आता ध्वनिमुद्रण यंत्रच उतरवून देतं, माणसांची गरज फक्त क्वचित तपासण्यापुरती, आणि त्यासाठी जुनी माणसं आहेत. मी तो संदेश तीनदा वाचला. त्या दिवशी दुपारी बायको घरीच होती, तूर निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन खाटेवर बसलो.

"काम गेलं माझं," मी म्हणालो.

"जाऊ द्या. दुसरं पाहू."

"त्या दिवशी फोन सायलेंट नव्हता."

तिचा हात सुपावर तसाच राहिला.

"मी कट केला. तिन्ही वेळा. नाव बघून कट केला."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी पाह्यलं मीनं. न उचललेला येगळा दिसते अन् कापलेला येगळा दिसते."

"मग बोलली काहून नाईस?"

"कोनाले बोलू? लेकराले?" तिनं तुरीतला एक खडा काढून दूर फेकला. "तुमी तवा पास होन्यासाठी बसले होते. मीच फोन ठेवून गेली होती. ठेवाले नोको होता."

"मी गावात सांगतो. डॉक्टरांना सांगतो."

आता तिनं माझ्याकडे बघितलं. "काय सांगसान? आशाताई बैठकीत खोटं बोलली म्हून? आता चूक केली म्हून समज देली, मंग खोटं बोलली म्हून काढूनच टाकतीन. घरात हे येकच काम हाय आता. राहू द्या जसं हाय तसं."

तिचं बरोबर होतं. मी बोललो नाही म्हणून तिच्यावर आलं होतं, आणि आता बोललो तर तिचंच जाणार होतं. मी उठून आत गेलो. ती बराच वेळ तूर निवडत होती, सुपाचा आवाज येत होता.

तरी मला राहवलं नाही. तिला न सांगता, हरभऱ्याच्या दिवसांत एका सकाळी काठी टेकत मी त्या वावरात गेलो. दीड-दोन किलोमीटर जायला मला सव्वा तास लागला. बायका घरात नव्हत्या, नवरा एकटाच खळ्यावर हरभऱ्याचे कट्टे, भरलेली पोती, शिवत होता. त्यानं मला बघून पाणी दिलं, बसायला रिकामा कट्टा पसरला. मी पाणी पिण्याआधीच सगळं सांगून टाकलं. परीक्षा, फोन, तीन वेळा.

तो सुतळी ओवत होता, ओवत राहिला. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, "सकायीच म्हने ती, पोट दुखून राह्यलं. मी म्हटलं, ओलिताचं पानी सुटलं हाय, दोन तासांत येतो. गेलो निंघून."

"तुमची काही चूक नाही," मी म्हणालो. "मी उचलला असता तर—"

"ते तुमी नोका सांगू मले." तो मोठ्यानं बोलला नाही. "आता वरीस होत आलं. तिनं राग आशाताईवर धरला हाय. रस्त्यानं दिसली तरी तोंड फिरवते. कोनावर तं धरन ना मानूस. आशाताईवर हाय तं माह्यावर नाई. समजलं? तुमी हे तिले सांगू नोका. मी बी सांगत नाई."

मी तिथं कशासाठी गेलो होतो, त्यानं शिव्या द्याव्या म्हणून, की माफ करावं म्हणून, ते मला त्या क्षणी कळेना. त्यानं दोन्हीही केलं नाही. एका कट्ट्याचं तोंड शिवून झालं, त्यानं गाठ मारली, दातानं सुतळी तोडली.

"पास झाले का मंग?" त्यानं विचारलं.

"झालो."

"बरं," तो म्हणाला, आणि दुसरा कट्टा ओढून घेतला.

मी परत निघालो. वाटेत दोनदा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसावं लागलं. घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, कुठी गेले होते इतक्या उन्हात. मी म्हणालो, पाय मोकळा करायला. तिनं विश्वास ठेवला असं दाखवलं.

त्या भेटीला आता दीड वर्ष झालं. ती सून पुन्हा गरोदर राहिली. सातव्या महिन्यातच ती माहेरी, केनवडकडे, निघून गेली आणि तिकडेच बाळंत झाली. आमच्या वहीत तिची नोंद झालीच नाही. बायकोला ते किराणा दुकानात दुसऱ्या कोणाच्या बोलण्यातून कळलं. लेकरू दोन महिन्यांचं झाल्यावर ती सासरी आली तेव्हा लसीची तारीख सांगायला बायको वावरात गेली. सासूनं बाहेरच थांबवलं. म्हणाली, लस आमी किन्हीराजाले देऊन आनू, तुमी नोका तरास घेऊ. आतून लेकराच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि नवरा खळ्यावर उभा होता, तो काही बोलला नाही.

हे तिनं मला घरी येऊन सांगितलं. तो का गप्प राहिला ते मला माहीत होतं, पण मी तिला सांगितलं नाही. तिनं वहीत तारखेसमोर 'बाहेरगावी लस' असं लिहिलं, टोपण लावलं, आणि मुलीची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून ती निघून गेली.